जप्तीयोग्य काही नाही

ओदिल गेल्यापासून गोल्वेन केरब्राचं जेवण म्हणजे
पाव, काळी कॉफी,
आणि तेलातल्या सार्डिन, डब्यातूनच, उभ्याउभ्या,
खिडकीतून दुआर्ननेचं बंदर बघत.

आधी पावाला रक्त लागलं.
मग पोटऱ्यांवर जांभळे ठिपके.
मग गुडघ्यावरची, लहानपणी सायकलवरून पडल्याची,
एकोणसत्तर वर्षं मिटलेली खूण
एका सकाळी उघडली,
जणू तो आत्ताच पडला होता
आणि आई अजून धावत यायची होती.

डॉक्टर अझेनोर घरी आली. तरुण, पावसाने भिजलेली.
हिरड्या पाहिल्या, गुडघा पाहिला,
स्कर्वी म्हणायला थोडी लाजली
(तो खलाशांचा रोग, आणि तोही जुन्या)
म्हणून कागदावर नुसतं लिहिलं: कारांस.
पुढे जीवनसत्त्वाचं एक अक्षर.

म्हातारा हसला. दात लाल.
"पोरी, हा शब्द माझा आहे.
चौतीस वर्षं मी बेलिफ होतो.
कुणाचं घर जप्त करायला जावं, आणि घरात
उचलून नेण्याजोगं काही नसावं,
तर पंचनाम्याच्या माथ्यावर हेच लिहायचं.
कारांस. आणि खाली सही."

मग तो बोलतच राहिला.
डबे भरणाऱ्या एका बाईचं घर. हातांना माशांचा वास,
धुऊन न जाणारा.
टेबल, दोन खुर्च्या, पलंग.
पलंग कायद्याने नेता येत नाही.
तो लिहायला वाकला तेवढ्यात
पलंगाखालून कुणीतरी मोठा श्वास सोडला,
सुरात.
अकॉर्डियन. आणि ते पोटाशी धरून बसलेला मुलगा.
बाई भिंतीकडे बघत राहिली.
"तुम्ही काय केलंत?"
"शब्द तर लिहून झाला होता," तो म्हणाला. "शाई वाळत होती."

शेल्फवर ओदिलचा जाडजूड शब्दकोश.
त्याने चष्मा न लावता पान काढलं.
लॅटिन कारेरे: नसणं, वंचित असणं.
त्याच्याही मागे, म्हणे, एक फार जुना धातू:
कापणं.
आणि त्याच ओळीत, बारीक ठशात,
दोघांनाही वाचता न येणारा एक शब्द, संस्कृत.

इथे मला मध्ये बोलावं लागतं, कारण तो मला वाचता येतो.
शस्. ज्याचं शस्त्र झालं.
म्हणजे नसणं हे रिकामेपण नव्हे,
कुणीतरी काहीतरी कापून नेलंय.
आपल्या तुटवड्यातही तुटण्याचा आवाज आहेच,
आपण तो रेशनच्या रांगेत ऐकत नाही.
आणि वाण?
पैशाचं वाण, माणसांचं वाण म्हणतो आपण,
आणि संक्रांतीला एकमेकींच्या हातात ठेवतो तेही वाणच.
हे दोन शब्द एकाच घरचे की नुसते सारखे दिसणारे, मला माहीत नाही.
शोधायलाही गेलो नाही. भीती वाटली, नसतील म्हणून.

अझेनोरने विचारलं, स्वयंपाकघर बघू का?
आणि ती कपाटं उघडू लागली,
एकेक दार, एकेक खण,
हातात वही.
तो दारात उभा. टोपी काढलेली.
चौतीस वर्षं लोक त्याच्यासमोर असेच उभे राहायचे.

साखर, अर्धा पुडा.
कॉफी.
मोहरीची बरणी, तळ दिसणारी.
सार्डिनचे डबे, अकरा.

"बारा," तो म्हणाला.
"एक बेसिनखाली आहे. नोंद बरोबर हवी."

तिने खोडून बारा लिहिलं.
मग रेनकोटच्या खिशातून दुपारसाठी ठेवलेलं
एक संत्रं काढून टेबलावर ठेवलं,
आणि ते यादीत घातलं नाही.